घराच्या व्यवहारात घराकडे कोण पाहते?

घरखरेदीचे कागद इतक्या हातांतून जातात की घराची पुरेशी तपासणी झालेली आहे, असे खरेदीदाराला मनापासून वाटू लागते. वकील मागच्या तीस वर्षांचा शोध घेऊन मालकीहक्क निर्वेध असल्याचा अहवाल देतो. बँक आपल्या पॅनेलवरचा मूल्यांकक पाठवते. सोसायटी ना-हरकत पत्र देते, दलाल दोन्ही बाजूंची बोलणी जुळवतो, आणि शेवटी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्यांचे ठसे व छायाचित्रे घेऊन दस्त नोंदला जातो. या साखळीत बाथरूमची भिंत आतून ओली आहे का, हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच नसते. वकिलाकडून ती अपेक्षाच नाही. मूल्यांकक हा बँकेसाठी काम करतो. कर्ज बुडाले तर ही मिळकत विकून किती रक्कम हाती येईल, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्याला द्यायचे असते, आणि त्याचे शुल्क कर्जदार भरत असला तरी तो अहवाल अनेकदा कर्जदाराला पाहायलाही मिळत नाही. दलालाला दलाली मिळते ती व्यवहार पूर्ण झाला तरच. भोगवटा प्रमाणपत्र इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आणि नियमांप्रमाणे पूर्ण झाली असे सांगते; पंधरा वर्षांनंतर तिच्या स्लॅबची अवस्था काय आहे, हे त्यातून कळत नाही. म्हणजे ज्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो, त्या वस्तूकडे खरेदीदाराच्या बाजूने पाहणारा जाणकार माणूस या व्यवहारात नसतो.

माझे म्हणणे असे आहे की, फ्लॅट रिसेलचा असो वा नवा, खरेदीदाराने स्वतः निवडलेला आणि विक्रेता, विकासक व दलाल यांच्याशी कसलाही संबंध नसलेला तज्ज्ञ नेमून घराची तपासणी करून घेतली पाहिजे. ही तपासणी रिसेलच्या बाबतीत इसार देण्यापूर्वी आणि नव्या घराच्या बाबतीत ताबा घेण्यापूर्वी व्हायला हवी. ती चार सावध माणसांची हौस न राहता व्यवहाराचा रूढ भाग व्हावी, यासाठी शासन, बँका आणि सोसायट्या यांनाही काही गोष्टी कराव्या लागतील.

खर्चाचा मुद्दा प्रथम संपवू, कारण आक्षेप तिथूनच सुरू होतो. पुण्यात ८० लाखांचा रिसेल फ्लॅट घेणाऱ्याला सात टक्के दराने ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क भरावे लागते. खरेदी महिलेच्या नावाने असेल तर एक टक्क्याची सवलत मिळते. नोंदणी शुल्क ३० हजार, आणि दलाली अगदी एक टक्का धरली तरी ८० हजार. घराच्या किमतीबाहेरचे हे पावणेसात लाखांच्या आसपासचे पैसे आपण कुरकुर न करता बाजूला काढतो. किमतीच्या ८० टक्के म्हणजे ६४ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या घरात जातो आणि वीस वर्षांत भरलेले व्याज मुद्दलाहून अधिक होते. दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या तपासणीचे शुल्क काही हजारांत असते. ते दहा हजार धरले तरी घराच्या किमतीच्या सव्वा टक्क्याचा दहावा भाग होतो. उलट, दोन बाथरूमच्या टाइल्स आणि कोबा उकरून वॉटरप्रूफिंग नव्याने करायचे ठरवले, तर तो खर्च सहज लाखापलीकडे जातो, आणि त्या काळात घरात राहण्याचे हाल वेगळेच. तेव्हा ज्याला घर परवडते त्याला तपासणीही परवडते. अडचण पैशांची नसून सवयीची आहे.

या सवयीमागे एक समजूत आहे: काही दोष निघालाच तर कायदा आहे. तो आहेच, पण तो कुठपर्यंत जातो ते नीट पाहायला हवे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या ५५ व्या कलमानुसार, मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला सापडला नसता, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. या एका वाक्याने दोषांचे तीन गट पडतात. साधारण काळजी घेतली असती तर दिसला असता असा दोष खरेदीदाराच्या माथी येतो. विक्रेत्याला ठाऊक असलेला छुपा दोष विक्रेत्याच्या माथी जातो. पण त्याला तो ठाऊक होता, हे सिद्ध करण्याचे ओझे खरेदीदारावर असते, आणि नुकताच रंग दिलेल्या भिंतीसमोर उभे राहून ते सिद्ध करणे किती कठीण आहे, हे दिवाणी न्यायालयाची पायरी चढलेल्यांना सांगावे लागत नाही. तिसरा गट विक्रेत्यालाही माहीत नसलेल्या दोषांचा. वरच्या मजल्याच्या संक स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खोलगट ठेवलेल्या स्लॅबमध्ये, साचत राहिलेले पाणी, बीमच्या आत गंजू लागलेली सळई, अर्थिंग जोडलेलीच नाही असा विजेचा बोर्ड. प्रामाणिक विक्रेताही अशा घरात वर्षानुवर्षे राहिलेला असतो आणि त्याला यातले काही ठाऊक नसते. या तिसऱ्या गटासाठी हे कलम खरेदीदाराला कोणताच आधार देत नाही. तज्ज्ञाच्या तपासणीची खरी जागा इथे आहे, आणि विक्रेत्याच्या सचोटीवर संशय न घेताही ती तपासणी मागता येते, हे आपल्याकडच्या संकोची खरेदीदारांनी लक्षात घ्यावे.

जाणकार माणूस नेमके काय पाहतो, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘भिंती तर आम्हीही पाहिल्या’ असे बहुतेकांना वाटते.

तो फ्लॅटमध्ये शिरण्याआधी इमारतीभोवती फिरतो. बाहेरून उतरणारे सांडपाण्याचे पाइप कुठे पाझरतात, छज्ज्याच्या खालच्या बाजूचे पोपडे सुटले आहेत का, पाइपमागच्या भेगेत पिंपळ रुजला आहे का, हे तो खालूनच पाहतो. भेगेत वाढलेला पिंपळ म्हणजे तिथे बारमाही ओल आहे, असाच अर्थ होतो. मग तो गच्चीवर जातो. गच्चीचा उतार पन्हाळीकडे आहे का, पॅरापेटच्या पायाशी कोब्याला चिरा आहेत का, पाण्याच्या टाकीखालचा भाग कोरडा आहे का, हे वरच्या मजल्याचा फ्लॅट घेणाऱ्याच्या दृष्टीने दिवाणखान्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहे.

आत आल्यावर त्याचे लक्ष चिरांकडे जाते. चिरा वाचता येणे हीच या व्यवसायातली मुख्य विद्या आहे असे मला वाटते. विटांची भिंत जिथे काँक्रीटच्या बीमला किंवा कॉलमला मिळते, तिथे सरळ रेषेत जाणारी बारीक चीर बहुतेक घरांत असते. दोन वेगळ्या साहित्यांचे आकुंचन-प्रसरण वेगळे होते म्हणून ती पडते, आणि सहसा ती निरुपद्रवी असते. सामान्य खरेदीदार मात्र तिलाच घाबरतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर अधिक विचार करायला लावते. आणि कॉलमवर उभी, सळईच्या रेषेत गेलेली, तांबूस डाग असलेली चीर, ती केसाएवढी बारीक असली तरी, गंभीर असते. काँक्रीट मुळात तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या गुणामुळेच आतल्या लोखंडावर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की हा गुण ओसरतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा समुद्राजवळच्या ठिकाणी खारट हवेतले क्लोराइड तो संरक्षक थर थेट आणि अधिक वेगाने मोडते. मग सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन काँक्रीट फोडतो. म्हणजे बाहेर चीर दिसते तेव्हा आतली प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. अशा चिरेवर पुट्टी आणि दोन हात रंग चढवला की ती काही महिने दिसेनाशी होते.

बाथरूममध्ये तो लाकडी मुठीने किंवा नाण्याने टाइल्स ठोकून पाहतो; खाली पोकळी असलेल्या टाइलचा आवाज वेगळा येतो. जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ते नाहणी ट्रॅपकडे जाते की दाराकडे येते हे पाहतो. त्यानंतर तो बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडे, म्हणजे बहुधा बेडरूममधल्या कपाटामागे जातो, कारण गळती आपल्याला दिसते ती नेहमी पलीकडच्या बाजूला. तिथे ओलावा मोजणारे यंत्र भिंतीला टेकवले की रंगाआडची ओल आकड्यात दिसते. थर्मल कॅमेऱ्याबद्दल आजकाल फार बोलले जाते. तो भिंतीच्या आरपार पाहत नाही. पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो, आणि ओला भाग बाष्पीभवनामुळे थंड असल्याने वेगळा उठून दिसतो. उपकरण चांगलेच आहे, पण त्यातून दिसलेला डाग पाण्याचा आहे की वातानुकूलन यंत्राच्या झोताचा, हे ठरवायला माणूस अनुभवीच लागतो. विजेच्या बाजूने तो अर्थिंग, गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच आणि वायरची जाडी तपासतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमधले वायरिंग पंखे, दिवे आणि फ्रिज एवढ्याच हिशेबाने केलेले असते. त्यावर आज दोन एसी, गीझर आणि इंडक्शनची शेगडी चालवायची असते. नळाचा दाब, खिडक्यांच्या चौकटी, लेझरने मोजलेले चटईक्षेत्र ही कामे तुलनेने सोपी आहेत, पण चटईक्षेत्र मोजणे टाळू नये. नव्या घरात शासनाने ठरवून दिलेल्या नमुना करारनाम्याप्रमाणे त्यातला फरक तीन टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि आजच्या दराने एकेका चौरस फुटाला मोल आहे.

आता ऋतूचा विचार करा. आपल्याकडे घर पाहण्याचा आणि बोलणी पक्की करण्याचा काळ गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया, म्हणजे मार्च ते मे. वर्षातले सर्वांत कोरडे महिने. भिंती सुकलेल्या, गच्ची तापलेली, बुरशीचा वास नाही. दसऱ्याच्या मुहूर्ताला पाऊस नुकताच संपत आलेला असतो. पण बाजारात येणाऱ्या फ्लॅटला तोवर नवा रंग लागलेला असण्याचीही शक्यता असते. जून ते सप्टेंबर या काळात महाराष्ट्रातली घरे आपले दोष स्वतःहून सांगतात, आणि नेमक्या त्याच काळात आपण घरे पाहायला कमी जातो. मुहूर्ताबद्दलची श्रद्धा ज्याने त्याने जपावी. परंतु मुहूर्तावर करार करायचा असेल, तर कोरड्या भिंतीतली ओल ओळखणारा माणूस सोबत असण्याची गरज दुप्पट होते. अनेक कुटुंबे वास्तुशास्त्राच्या सल्लागाराला फ्लॅट दाखवतात, त्यासाठी वेळ काढतात आणि पैसेही देतात. अभियंत्यासाठी तेवढीच तजवीज करणे त्यांना अशक्य नाही.

फ्लॅट घेताना आपण चार भिंतींबरोबर एका इमारतीचा हिस्साही विकत घेतो, आणि सर्वांत मोठे धोके त्या सामाईक भागात असतात. २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलांचा आरोप त्यानंतर प्रामुख्याने पुढे आला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने आपला फ्लॅट कितीही नीट राखला असता, तरी त्याचा काय उपयोग होता? २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडून १६ जणांचा जीव गेला; ती तर जुनी म्हणता येईल अशीही नव्हती. म्हणून तपासनीसाने खालच्या मजल्यांवर कॉलम किंवा बीमला हात लागला आहे का, दुकानांसाठी भिंती पाडल्या आहेत का, हे पाहणे आणि अहवालात लिहिणे आवश्यक आहे.

यासाठी लागणारी बरीच माहिती कागदावर अस्तित्वात असायला हवी. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची तपासणी, करण्याची तरतूद आहे. उपविधी दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, हेही सांगतात: बांधकाम खर्चाच्या अनुक्रमे किमान पाऊण टक्का आणि पाव टक्का, दरवर्षी. रिसेल फ्लॅट घेणाऱ्यांपैकी किती जण सोसायटीकडे शेवटचा ऑडिट अहवाल आणि या दोन निधींची शिल्लक मागतात? मागितली तरी ‘आधी सभासद व्हा, मग दाखवू’ असे उत्तर मिळू शकते. ही वृत्ती बदलायला हवी. फ्लॅट विकणारा सभासद स्वतः हा अहवाल मागून खरेदीदाराला देऊ शकतो, आणि सहकार खात्याने उपविधींत तशी स्पष्ट तरतूद केली तर समितीला टाळाटाळ करायला जागाच राहणार नाही.

मुंबईत या सगळ्यावर एक ठरलेले उत्तर मिळते: इमारत पुनर्विकासात जाणारच आहे, मग तपासणी कशाला? हे उत्तर फार लोकांचे नुकसान करते. पुनर्विकासाची चर्चा सुरू होणे आणि रिकामे करण्याची नोटीस हाती येणे यांत अनेक वर्षे जातात, आणि ती वर्षे त्याच गळक्या छताखाली काढायची असतात. लहान भूखंडावर वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, उरलेला नसेल तर विकासक पुढेच येत नाही. आणि महापालिकेने इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक श्रेणीत टाकली, तर पुनर्विकासाचा करार झालेला नसतानाही घर सोडावे लागते. हप्ता मात्र सुरूच राहतो.

नव्या घराची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे तपासणीला कायद्याचे बळ अधिक आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम म्हणजे रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. न केल्यास नुकसानभरपाई मागता येते. त्याआधीच्या १९६३ च्या मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकीविषयक कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. पण या तरतुदीची सारी मदार ‘निदर्शनास आणला’ या शब्दांवर आहे. दोष काय आहे हे नेमकेपणाने, छायाचित्रांसह आणि तारखेसह लेखी मांडता आले, तरच ही मुदत कामी येते. ‘हॉलमध्ये ओल येते’ असे व्हॉट्सअ‍ॅपवर साइट मॅनेजरला कळवणे आणि कोणत्या भिंतीवर, कोणत्या उंचीवर, किती टक्के ओलावा व संभाव्य उगम कोणता, हे सांगणारा अभियंत्याचा अहवाल जोडून लेखी सूचना देणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून नव्या घराची तपासणी दोनदा व्हावी असे माझे मत आहे: एकदा ताबा घेण्यापूर्वी, आणि पुन्हा पाच वर्षांची मुदत संपण्याच्या आधीच्या पावसाळ्यात. दुसऱ्या तपासणीचा विचार कोणीच करत नाही. वास्तविक, पाच पावसाळ्यांत जे उघड झाले ते विकासकाकडून विनामूल्य दुरुस्त करून घेण्याची ती शेवटची संधी असते. रेरामधल्या खरेदीदाराच्या व्याख्येत पुढे ते घर विकत घेणाऱ्याचाही समावेश आहे. तेव्हा तीन-चार वर्षांचा रिसेल फ्लॅट घेणाऱ्यानेही आपल्याला उरलेली मुदत मोजून ठेवावी.

ताब्याच्या दिवसाबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नमुना करारनाम्यातल्या हप्त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे जवळजवळ ९५ टक्के रक्कम त्याआधीच गेलेली असते. किल्ल्या, पेढे, कुटुंबाची छायाचित्रे अशा वातावरणात ताबापत्रावर सही होते, आणि ‘घर तपासून समाधानकारक स्थितीत मिळाले’ असे छापील वाक्य त्यात असू शकते. ते वाक्य खरे असेल अशी व्यवस्था सहीआधी करावी. विकासकाचा माणूस दाखवतो तेवढेच पाहून याद्या करण्यापेक्षा आपला तपासनीस आदल्या आठवड्यात नेऊन यादी करावी, ती विकासकाकडून स्वीकारून घ्यावी आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पाहावे. परदेशात राहून पुण्या-नाशिकला घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना तर याची विशेष गरज आहे. भाऊ किंवा मेहुणा किल्ल्या घेऊन येतो, व्हिडिओ कॉलवर खोल्या दाखवतो. तो प्रेमाने करतो, पण कॅमेऱ्यात ओल दिसत नाही.

‘आमच्या ओळखीचा इंजिनिअर आहे, तो एक चक्कर मारेल’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण तो चांगल्या भावनेतून येतो. ओळखीचा माणूस शुल्क घेत नाही, म्हणून तो वीस मिनिटे पाहतो; गच्चीवर जात नाही, उपकरणे आणत नाही आणि लेखी काही देत नाही. तुम्ही घराच्या प्रेमात पडलेला आहात हे त्याला दिसते, आणि नात्यात कटुता नको म्हणून तो ‘किरकोळ आहे, करून घेता येईल’ असे म्हणतो. पुढे काही निघाले तर त्याला विचारताही येत नाही. शुल्क दिलेल्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल ही यापेक्षा अगदी वेगळी वस्तू आहे. त्याच्या आधारे किंमत कमी करण्याची बोलणी करता येतात, दुरुस्ती विक्रेत्याने करावी अशी अट घालता येते आणि प्रसंगी व्यवहार सोडता येतो.

अर्थात या तपासणीच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्याच पाहिजेत. फ्लॅटची दृश्य तपासणी म्हणजे इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे. काँक्रीटची ताकद रिबाउंड हॅमरने अजमावणे, ध्वनिलहरींचा वेग मोजणे, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन हे अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणारे रसायन टाकून ते गुलाबी होते की रंगहीन राहते ते पाहणे, या चाचण्या सोसायटीच्या परवानगीने आणि वेगळ्या खर्चाने होतात. फॉल्स सीलिंगच्या वर आणि बसवलेल्या कपाटांच्या मागे काय आहे, ते तपासनीसही मालकाच्या संमतीशिवाय उघडू शकत नाही. चांगला अहवाल काय पाहिले याच्याबरोबर काय पाहता आले नाही, तेही लिहितो. तसे लिहिलेले नसेल तर त्या अहवालाबद्दल शंका घ्यावी.

यापेक्षा मोठी अडचण व्यवसायाच्या रचनेत आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा देशव्यापी कायदा आहे. सिव्हिल इंजिनिअरच्या परवान्यासाठी तसा कायदा नाही, आणि घर तपासनीस म्हणून पाटी लावण्यासाठी आपल्या राज्यात कोणतीही वेगळी पात्रता ठरलेली नाही. त्यातून हितसंबंधांचा प्रश्न येतो. जी संस्था तपासणी करते तीच वॉटरप्रूफिंगचे काम घेत असेल, तर तिला ओल अधिक दिसण्यात फायदा आहे. जिला दलालाकडून कामे मिळतात, तिला ओल कमी दिसण्यात फायदा आहे. अमेरिकेतल्या घर तपासनीसांची एक प्रमुख संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. तपासलेल्या घराची दुरुस्ती तपासनीसाने वर्षभर स्वतः पैसे घेऊन करू नये, असे तिची आचारसंहिता सांगते. आपल्याकडे हा नियम लागू करायला फार मोठ्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, दलालांची नोंदणी, प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू केली, त्याच धर्तीवर तपासनीसांची नोंदणी राज्याला करता येईल: किमान पात्रता, अहवालाचा एक नमुना, दुरुस्तीच्या धंद्यापासून फारकत आणि तक्रारीची सोय. तोपर्यंत खरेदीदाराने तीन प्रश्न स्वतः विचारावेत. तुम्ही दुरुस्तीची कामे घेता का? तुम्हाला या दलालाकडून किंवा विकासकाकडून कामे मिळतात का? अहवालावर पात्र अभियंत्याची सही असेल का? बँकांनाही एक सोपी गोष्ट करता येईल. वीस वर्षे त्यांचे पैसे ज्या इमारतीत अडकतात, तिचा मूल्यांकन अहवाल त्यांनी कर्जदाराला आपणहून द्यावा आणि त्यात इमारतीच्या प्रत्यक्ष अवस्थेचा भाग अधिक सविस्तर असावा.

शेवटचा अडथळा विक्रेत्याचा आणि दलालाचा आहे. ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, तपासणी वगैरे करत बसाल तर फ्लॅट जाईल’ हे वाक्य खरेदीदाराला ऐकावे लागते. हा दबाव केवळ आपल्याकडचा नाही. कोविडनंतरच्या तेजीत अमेरिकेत अनेक खरेदीदार घर हातचे जाऊ नये म्हणून तपासणीचा हक्क स्वतःहून सोडू लागले होते. शेवटी मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२५ मध्ये, खरेदीदाराने तपासणी सोडून द्यावी या अटीवर विक्रेत्याला प्रस्ताव स्वीकारता येणार नाही, असा नियम केला. तिथे ही प्रथा अनेक दशके रुजलेली असूनही तिला नियमाचे संरक्षण द्यावे लागले. इथे प्रथाच नसताना एकट्या खरेदीदाराने दबावापुढे टिकून राहावे, ही अपेक्षा जास्त आहे. म्हणून निदान इसार पावतीच्या प्रचलित मसुद्यांत एक कलम यावे, असा आग्रह वकिलांनी धरावा: इसाराच्या तारखेपासून दहा दिवसांत खरेदीदार स्वखर्चाने तपासणी करून घेईल, विक्रेता त्यासाठी घर आणि सोसायटीचा ऑडिट अहवाल उपलब्ध करून देईल, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक खर्चाचा दोष आढळल्यास तो विक्रेत्याने दुरुस्त करावा, किंमत कमी करावी अथवा इसार परत करावा. इसार आधी देण्यावाचून गत्यंतर नसेल, तेव्हा खरेदीदाराला एवढे तरी संरक्षण हवे. या कलमाने प्रामाणिक विक्रेत्याचे काहीही जात नाही. त्याला दहा दिवस थांबावे लागते. आणि जो विक्रेता दहा दिवसही अभियंत्याला आत येऊ देत नाही, त्याच्या घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढावे का, याचा निर्णय खरेदीदाराला इसाराची रक्कम हातातून जाण्यापूर्वीच घेता येतो.